इलेक्ट्रिक गाडी घेऊ का? आधी हे तीन हिशोब करा

मागच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच: "सर, दुकानासाठी इलेक्ट्रिक गाडी घेऊ का?" व्हिडिओत मी दोन मिनिटांत उत्तर देऊन पुढे गेलो होतो. इथे जरा नीट बोलू. कारण माझ्या मते आपल्या पोलादपूर-महाडच्या व्यापाऱ्याने हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून धरलाय.

आधी ही गाडी आली कुठून ते बघू. त्यातच धंद्याचा पहिला धडा आहे.

भारतात छोटी इलेक्ट्रिक कार नवी नाही. बंगळुरूच्या चेतन मैनी यांची रेवा २००१ मध्ये रस्त्यावर आली. २०१० मध्ये महिंद्राने ती कंपनी घेतली. कल्पना काळाच्या पुढची होती, पण दोन दारांची ती चिमुकली गाडी आपल्या माणसाला 'घरची गाडी' वाटली नाही. चार माणसं, गणपतीचं सामान आणि खड्डे हे तिचं काम नव्हतं.

मग टाटांनी काय केलं? कोरा कागद घेतला नाही. २०१७ पासून विकली जाणारी, लोकांनी पसंत केलेली नेक्सॉन घेतली. उंच बसायचं, खालून जागा भरपूर, दिसायला रुबाबदार. त्याच गाडीत इंजिनाच्या जागी मोटर आली, खाली बॅटरी आली. २८ जानेवारी २०२० ला नेक्सॉन ईव्ही बाजारात आली. पुण्याजवळच्या रांजणगावला तयार होणारी, ३०.२ किलोवॅट-अवर बॅटरीची, सुरुवातीची किंमत १३.९९ लाख. कागदावरची रेंज ३१२ किलोमीटर, रस्त्यावर अर्थातच त्याहून कमी. बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी दिली, म्हणजे गिऱ्हाईकाची सगळ्यात मोठी भीती कंपनीने स्वतःच्या अंगावर घेतली. बॅटरी पॅक टाटा ऑटोकॉम्पचा, चार्जर टाटा पॉवरचे. गाडी विकताना "चार्ज कुठे करू?" याचं उत्तरही सोबतच विकलं.

आणि फक्त इलेक्ट्रिकसाठी केलेली वेगळी मांडणी? ती आली जानेवारी २०२४ मध्ये, पंच ईव्हीसोबत. २५ आणि ३५ किलोवॅट-अवर अशा दोन बॅटऱ्या, सुरुवात १०.९९ लाखांपासून. म्हणजे आधी चालणाऱ्या मालात बदल, मग गिऱ्हाईक तयार झाल्यावर नवा साचा. बरोबर चार वर्षांनी.

आपण काय करतो? पहिल्याच दिवशी नवं फर्निचर, नवा बोर्ड, नवा माल, आणि कर्ज. तुमच्या दुकानातली 'नेक्सॉन' कुठली, म्हणजे आधीच खपणारी वस्तू कुठली, ते आधी ओळखा. नवीन प्रयोग तिच्यावर करा.

आता हिशोब पहिला: गाडी घ्यायची का?

आकडे सोपे धरू, तुम्ही तुमचे घाला. पेट्रोल १०५ रुपये, गाडी देते १५ चं ॲव्हरेज, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला साधारण ७ किलोमीटर जाते. युनिट १० रुपये धरलं तर किलोमीटरला दीड रुपया. वाचले साडेपाच रुपये. तीच गाडी पेट्रोलपेक्षा ४ लाखांनी महाग धरली, तर फरक फिटायला सुमारे ७२-७३ हजार किलोमीटर लागतात.

तुम्ही पोलादपूरहून महाडला रोज एक फेरी मारता. जाऊन-येऊन ३५ किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस. वर्षाला १०,५०० किलोमीटर. फरक फिटायला जवळपास सात वर्षं! पण एमआयडीसीत माल पोचवायला, माणगावपर्यंत वसुलीला असं रोज ८० किलोमीटर फिरत असाल, तर तीन वर्षांत मोकळे. म्हणून जो जास्त फिरतो त्याने घ्यावी. जो शेजाऱ्याने घेतली म्हणून घेतो, त्याने थांबावं.

हिशोब दुसरा: आंबेनळीचा.

हा हिशोब शोरूमवाला सांगणार नाही, आपल्यालाच करावा लागेल. पोलादपूरहून महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटर, आणि चढ बाराशे-तेराशे मीटरचा. माणसं-सामान धरून १७०० किलोची गाडी तेवढी वर न्यायची तर नुसती उंची गाठायलाच साडेपाच-सहा युनिट लागतात. रस्त्यावर चालायची वीज वेगळी. ३० युनिटच्या बॅटरीतला पाचवा भाग घाट खातो. उतरताना मोटर उलटी जनित्रासारखी चालते आणि त्यातली बरीचशी वीज परत मिळते.

याचा अर्थ लक्षात आला का? वरून येणाऱ्याला घाई नाही. वर जाणाऱ्याला घाट चढायच्या आधी चार्जिंग हवंय. आणि घाटाचा पायथा म्हणजे आपण! मुंबईहून पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर आलेला माणूस पोलादपूरला पोचतो तेव्हा त्याची नजर रस्त्यावर कमी आणि बॅटरीच्या टक्क्यांवर जास्त असते.

आपलं दुखणं काय आहे? चौपदरी रस्ता झाला, कशेडीला बोगदा झाला. चांगलंच झालं, जीव वाचतात, वेळ वाचतो. पण गाड्या आता सुसाट जातात. पूर्वी चहाला, वडापावला, पंक्चरला थांबणारा माणूस थांबत नाही. हायवेवरच्या गावाचा धंदा थांबण्यावर चालतो. आणि आज रस्त्यावर थांबणं ज्याला टाळता येत नाही असा एकच प्रवासी वाढतोय, तो हा इलेक्ट्रिकवाला. पेट्रोलवाला पाच मिनिटं थांबतो, तेही पंपावर. हा फास्ट चार्जरवरसुद्धा पाऊण-एक तास थांबणार.

हिशोब तिसरा: मग चार्जर लावायचा का?

२०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलंय की गाड्या चार्ज करून द्यायला वीजवितरणाचा परवाना लागत नाही. दार उघडं आहे. पण प्रत्येकाने त्यातून धावत सुटू नका.

लॉज किंवा होम-स्टे असेल तर ७.२ किलोवॅटचा एसी चार्जर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहते, सकाळी भरलेली. खोलीच्या जाहिरातीत एक ओळ वाढते. पण ढाब्यावर हाच चार्जर लावलात तर पाऊण तासात जेमतेम ३५-४० किलोमीटरची भर पडेल, गिऱ्हाईक वैतागेल. तिथे डीसी फास्ट चार्जरच हवा. त्याला मोठा वीजभार मंजूर करून घ्यावा लागतो, खर्च लाखांत जातो. तो एकट्याने करू नका. जागा तुमची, यंत्र कंपनीचं, असा करार होतो का ते आधी बघा. आणि काहीही लावा, अर्थिंग पक्कं हवं. आपल्याकडच्या पावसात त्यावर दोन हजार वाचवणारा माणूस मला धंदेवाला वाटत नाही.

चार्जर दुसऱ्याचा असला तरी तुमचा धंदा आहेच. तासभर बसलेल्या कुटुंबाला काय हवं? स्वच्छ संडास, पंखा, गरम चहा, लहान पोरांना खायला काहीतरी, आणि घरी न्यायला तांदूळ, कोकम, पापड. यातलं काय आपण आजच देऊ शकतो, बिना चार्जरचं?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गाडी तुम्ही घ्या किंवा नका घेऊ, ते तुमचे किलोमीटर ठरवतील. पण ती गाडी घेतलेला माणूस आपल्या दारावरून जाणारच आहे. येत्या रविवारी वही घेऊन एक तास हायवेला उभे राहा. हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या मोजा. त्यातल्या किती थांबल्या, कुठे थांबल्या, ते लिहा. तेवढा एक आकडा हातात आला की मग कर्जाचं बोलू.