टपावरचे दिवे

पुतण्याचा धंदा असा की संध्याकाळी ओतूरहून टोमॅटोचे क्रेट भरायचे, रात्री माळशेज उतरायचा आणि पहाटे वाशीच्या मार्केटला पोचायचं. परवा त्याची पिकअप अंगणात उभी होती आणि वायरमन टपावर चढला होता. पुढे पांढऱ्या एलईडीची लांब पट्टी, तिच्याखाली ओळीने पाच नारिंगी दिवे, आणि आत ड्रायव्हरच्या डोक्यावर कन्सोल. कन्सोल म्हणजे चष्मा, कागदपत्रं ठेवायची फळी आणि तिच्यावर दिव्यांची बटणं.

मास्तरकी सुटली तरी तपासायची सवय सुटत नाही. मी खुर्ची टाकून बसलो.

कन्सोलला माझी हरकत नाही. नारिंगी दिव्यांनाही नाही. अमेरिकेत ८० इंच किंवा त्याहून रुंद ट्रकच्या टपावर असे दिवे सक्तीचे आहेत. मध्ये तीन आणि दोन्ही कडांना एकेक. अंधारात समोरच्याला कळावं, की येणारी गाडी मोठी आहे. म्हणजे हे दिवे आपल्याला दिसावं म्हणून नाहीत, आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून आहेत.

माझं भांडण त्या पांढऱ्या पट्टीशी. २०१६ साली आम्ही दोघं स्कूटरवरून लग्नाहून परतत होतो. समोरून असाच एक उजेड आला आणि रस्ताच नाहीसा झाला. आम्ही साइडपट्टीवरून खाली गेलो. मला खरचटलं, हिचं मनगट मोडलं. पोळ्या लाटताना ते अजून दुखतं. गाडीवाला थांबला नाही. ज्याच्याकडे सगळ्यात जास्त उजेड, त्यालाच आम्ही दिसलो नाही!

हे मी पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, "तात्या, तुमचं खरं आहे. पण पावसात घाटात हेडलाइटला काही दिसत नाही. गाडी खड्ड्यात गेली तर हप्ता कोण भरणार?"

त्याचंही खोटं नव्हतं. पण धुक्यात तर टपावरचा दिवा सगळ्यात वाईट. उजेड धुक्यावर आपटून चालवणाऱ्याच्याच डोळ्यांत परत येतो. म्हणून तर फॉग लॅम्प खाली, बंपरपाशी असतात. समोरच्याचे डोळे दिपवू नयेत असा नियमही आहे, आणि मूळ गाडीत मनाने बदल करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं. पण रात्री दोन वाजता घाटात कलम वाचायला कोण उभं असतं?

वायरमन जाणता निघाला. तो म्हणाला, "हेडलाइटच्या वायरीला जोड दिला तर वायर वितळेल. बॅटरीपासून फ्यूज आणि रिले टाकून वेगळी लाइन घेऊ." टपाला पाडलेलं भोकही त्याने नीट सील केलं, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी वायरीवरून कन्सोलमध्ये उतरलं असतं.

शेवटी तडजोड झाली. पट्टी राहिली, पण तिचं बटण वेगळं, आणि सुनेने जुन्या रेक्झिनची खोळ शिवून दिली. शेतात रात्री माल भरताना खोळ काढायची, डांबरी रस्त्याला लागण्याआधी घालायची. हेडलाइटच्या पिवळट पडलेल्या काचाही त्याने बदलून घेतल्या. घाटातलं अर्धं दुखणं तिथेच होतं.

खोळ दर वेळी घातली जाईल का, हे मी पाहायला जाणार नाही. निघताना ही बाहेर आली आणि काही न बोलता त्याच्या हातात डबा दिला. त्याच हाताने.

त्याने खाली उतरून खोळीची नाडी पुन्हा आवळली.