नेम हत्याराचा आणि नेम हाताचा

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळपास बंद झाली. अमेरिकेत मात्र हरणाच्या शिकारीचा कायदेशीर हंगाम असतो, आणि रायफल बाजूला ठेवून रिव्हॉल्व्हर घेऊन जंगलात जाणारे हौशी लोकही तिथे आहेत. त्यांच्यातला एक जुना वाद असा, की रिव्हॉल्व्हरची साइट किती अंतरासाठी लावायची? ५० यार्ड, १०० यार्ड की त्याहून लांब? वरवर पाहता हा यंत्राचा प्रश्न आहे. माझ्या मते तो जबाबदारीचा प्रश्न आहे.

आधी हिशेब पाहू. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने निघते. १०० यार्ड जायला तिला साधारण पाव सेकंद लागतो, आणि पाव सेकंदात कोणतीही वस्तू सुमारे ३० सेंटिमीटर खाली पडते. ५० यार्डांवर हीच घसरण फक्त सहा-सात सेंटिमीटर असते. म्हणजे अंतर दुप्पट झाले की घसरण चौपटीहून जास्त होते. साइट ५० यार्डांना जुळवली, तर १०० यार्डांवर गोळी चार-पाच इंच खाली लागते आणि १५० वर जवळपास दीड फूट.

यावर १०० यार्डवाले म्हणतात, साइट १०० ला लावा. मग ५० वर गोळी फक्त दोन-अडीच इंच वर लागेल. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांची जागा साधारण आठ इंचांची, म्हणजे बिघडले कुठे? गणित म्हणून हे बरोबर आहे, ते नाकारायचे कारण नाही.

पण गणितात हात येत नाही. साडेसहा इंच नळीच्या रिव्हॉल्व्हरवर पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये वीतभर अंतर असते. तिथे एक मिलिमीटर चुकले, तर ५० यार्डांवर गोळी वीसेक सेंटिमीटर भरकटते आणि १०० वर त्याच्या दुप्पट. हा एक मिलिमीटर धाप लागलेला, थंडीने आखडलेला हात सहज चुकवतो. चाप जोरात ओढला तरी तेच. शिवाय गोळीचे वजन बदलले की साइट तीच असूनही नेम बदलतो. जड गोळी नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात धक्क्याने नळी वर उचलली जाते, आणि जवळच्या अंतरावर ती गोळी वर लागते.

आयडाहोचे एल्मर कीथ हे या छंदाचे मोठे नाव. .४४ मॅग्नम अस्तित्वात येण्यामागे त्यांचा आग्रह होता. दुसऱ्याच्या गोळीने जखमी होऊन पळणारे हरीण आपण ६०० यार्डांवरून रिव्हॉल्व्हरने टिपल्याचे त्यांनी सांगितले आणि त्यावर आजवर वाद चालू आहे. ते खरे मानले, तरी तो प्रयत्न जखमी जनावर निसटू नये म्हणून होता, आणि त्यामागे आयुष्यभराचा सराव होता. तो किस्सा ऐकून पहिली गोळीच लांबून झाडणारा माणूस त्यातला इरादा विसरतो आणि आकडा तेवढा लक्षात ठेवतो.

अमेरिकेतली अनेक राज्ये शिकारीच्या हँडगनची किमान ताकद ठरवून देतात. किती लांबून गोळी झाडायची, हे मात्र बहुधा शिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेले असते. म्हणूनच साइट लावण्याचा खरा उपयोग पल्ला वाढवण्यात नाही, आपली हद्द ओळखण्यात आहे. साइट ५० यार्डांना लावावी. मग २५, ७५ आणि १०० यार्डांवर, वाळूच्या पिशवीचा टेकू काढून, जंगलात जसे बसू किंवा उभे राहू तसेच, त्याच गोळ्यांनी नेम धरावा. आठ इंचांच्या कागदी ताटलीत ज्या अंतरापर्यंत सहाच्या सहा गोळ्या बसतात, ती आपली हद्द. पाच बसल्या तर जवळ यावे.

कोणी म्हणेल, इतकी काटेकोर अट घातली तर पुष्कळदा रिकाम्या हाताने परतावे लागेल. लागू दे. कागदावर चुकलेली सहावी गोळी फक्त एक भोक पाडते. हरणावर तीच गोळी पोटात किंवा पायात लागते, ते झाडीत पळून जाते आणि कधी दिवस-दिवस तडफडून मरते. ज्याने ती झाडली, त्याला अनेकदा हे कळतही नाही.

स्क्रू फिरवून हत्याराचा नेम लागतो. चापावरचे बोट वेळेवर काढून घेणे माणसालाच शिकावे लागते.