परसातली वार

गेल्या पंधरवड्यात न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. तिला आठवा महिना लागला आहे, आणि पहिलटकरणीच्या मनात ज्या शंकाकुशंका येतात त्या सर्व ती मला विचारीत असते. परंतु या खेपेची शंका मी उभ्या आयुष्यात प्रथमच ऐकली. तिच्या ओळखीच्या एका बाईने बाळंत झाल्यावर आपली वार रुग्णालयाकडून मागून घेतली, पैसे मोजून ती वाफवून, वाळवून, तिची पूड कॅप्सुलांत भरून घेतली आणि पुढे कित्येक आठवडे ती रोज पोटात घेतली; त्यामुळे रक्त भरून येते, दूध वाढते आणि बाळंतपणानंतर मनावर येणारे मळभ टळते, अशी त्या बाईची खात्री आहे. "मावशी, आपल्याकडे पूर्वी असं करत असतील ना गं? जुनंच शहाणपण असणार हे," असे भाची म्हणाली, आणि मला उत्तर सुचण्यापूर्वी भिवंडीजवळच्या पडघ्याच्या आमच्या घराचे परसदार डोळ्यांसमोर आले.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. श्रावणातल्या एका पहाटे धाकटा भाऊ जन्मला, त्याच्या रडण्याने ओटीवर बसलेल्या पुरुषांचे जीव भांड्यात पडले. पण आतल्या काळोख्या खोलीत सुईणबाईचा चेहरा काही सैलावला नाही, कारण वार पडायची होती. "मूल आलं म्हणजे बाई सुटली असं नव्हे," ती आजीला म्हणाली, "वार पडली की सुटली." तिने आईच्याच वेणीचे टोक आईच्या तोंडात सरकवून तिला उमासे आणवले. हाच उपाय पुढे चरकसंहितेच्या शारीरस्थानात माझ्या वाचनात आला, तेव्हा अक्षरशत्रू असलेल्या त्या बाईच्या बोटांत किती शतकांची वहिवाट उतरली होती हे मला उमगले. आज त्या जागी मूल बाहेर येताच मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनची दहा युनिटांची सुई देतात, आणि ती शतपटीने बरी. वार पडल्यावर सुईणबाईने ती केळीच्या पानावर पसरली, तांब्यातले पाणी हळूहळू ओतीत, फुटक्या मडक्याच्या खापऱ्या जुळवून पाहाव्या तशी तिची एकेक पाकळी बोटाने चाचपली, आणि "सगळी आहे" एवढे दोनच शब्द उच्चारले. आत राहिलेला लहानसा तुकडाही बाईचे रक्त थांबू देत नाही, म्हणून आजचे डॉक्टरही तशीच तपासणी करतात.

मग अर्ध्या किलोच्या आतबाहेरचा तो लालकाळा गोळा नव्या गाडग्यात गेला, त्यावर हळदकुंकू आणि मूठभर मीठ पडले, आणि आजीने न्हाणीच्या मागे, कुत्र्यांनी उकरू नये इतक्या खोल खड्ड्यात ते गाडगे पुरून वर धोंडा ठेवविला. जिथे नाळ पुरली तेच आपले गाव असे जे आपण म्हणतो, त्यातली नाळ खरोखरच पुरलेली असे. नऊ महिने ज्या अवयवाने मुलाचे फुप्फुस, मूत्रपिंड आणि आतडे या तिघांचेही काम एकट्याने केले, त्याला निरोप द्यायचा तो मातीत, अशी आमच्याकडची रीत होती. त्याला अन्न मानल्याचे मी ना पाहिले, ना कोणा म्हातारीकडून ऐकले.

ग्रंथांतही ते नाही. आयुर्वेद वारेला अपरा म्हणतो, ती अडकल्यास कशी पाडावी याचा विस्ताराने विचार करतो, आणि त्यानंतर सूतिकेला स्नेहपान, पिंपळी, पिंपळमूळ, चव्य, चित्रक, सुंठ द्यावी असे सांगतो. याच जुन्या प्रसूतिविचारावर आमच्या शेजारच्याच एका मुलीने लिहिले आहे. भिवंडीहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की पलीकडे कल्याण. तिथे 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी 1886 साली फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी घेतली ती आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावलेल्या त्या मुलीने सातासमुद्रापार लिहावयास हाच विषय निवडावा, याने मला आजही भरून येते.

जुन्या चिनी वैद्यकात वाळलेल्या वारेचे औषध आहे हे खरे. सोळाव्या शतकातल्या ली शिझेनच्या औषधिकोशातही त्याची नोंद आहे. परंतु ते अशक्त रोग्याला द्यावयाचे औषध होय, प्रत्येक बाळंतिणीने आपली आपण खावी असा तो शिरस्ता नव्हे. नेवाडा विद्यापीठाच्या मानववंशशास्त्रज्ञांनी 2010 साली जगभरच्या 179 समाजांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा आईने वार खाण्याची रूढ प्रथा त्यांना कोठेही सापडली नाही. अमेरिकेतली ही चाल 1970 नंतरची. म्हणजे भाची जिला जुने शहाणपण म्हणते ती माझ्याहून वयाने लहान आहे.

"पण सगळी जनावरं खातात ना?" असे तिने विचारलेच. बहुतेक सस्तन प्राणी खातात, गवत खाणारी गायसुद्धा खाते. पण म्हैस व्याली की आमचे आजोबा कंदील घेऊन गोठ्यात बसत ते तिने वार खाऊ नये म्हणूनच, आणि ती पेंढ्यात गुंडाळून वडाच्या फांदीला टांगली जाई. वडाला चीक येतो तसे म्हशीला दूध यावे, ही त्यामागची भावना. भावना भोळी असेल, पण दुधाचा आणि वारेच्या वियोगाचा संबंध खराच आहे. गरोदरपणी वार प्रोजेस्टेरॉन नावाचे द्रव्य रक्तात सोडीत असते आणि तेच दुधाला थोपवून धरते. वार पडली, ते द्रव्य ओसरले, की दुसऱ्या ते चौथ्या दिवसात पान्हा भरतो. जी गेल्यामुळे दूध उतरले तीच दुधासाठी परत पोटात घालण्यात मला तरी काही संगती दिसत नाही.

रक्तवाढीचेही तसेच. त्याच विद्यापीठाने नंतर काही बाळंतिणींना वारेच्या आणि काहींना साध्या सुकविलेल्या मांसाच्या कॅप्सुला दिल्या, तेव्हा दोन्हींकडच्या शरीरातल्या लोहात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. आपल्याकडे लोहाची गोळी प्रसूतीनंतर 180 दिवस सरकारी दवाखान्यातून फुकट मिळते. आणि धोका काल्पनिक नाही: 2016 साली ओरेगॉन राज्यात एक अर्भक रक्तातल्या जंतुसंसर्गाने आजारी पडले, उपचारांनी बरे होऊन घरी गेले आणि थोड्याच दिवसांत पुन्हा आजारी पडले, चौकशीत आई घेत असलेल्या वारेच्या कॅप्सुलांत तेच जंतू निघाले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2017 साली हे प्रकरण प्रसिद्ध करून अशा कॅप्सुला टाळाव्यात असे कळविले.

हे सारे मी भाचीला सांगितले. परंतु फोन ठेवल्यावर मला निराळीच गोष्ट डाचत राहिली. त्या परक्या बाईने हे का केले असेल? प्रसूतीच्या दुसऱ्या दिवशी मोटारीतून घरी आलेली, नवरा कामावर, आई दुसऱ्या टोकाच्या राज्यात, अशी ती एकटी बाई. तिला भरवायला कोणी नव्हते, म्हणून तिने आपल्याच शरीरातून आपली शिदोरी काढली. बाळंतिणीने सव्वा महिना स्वतःच्या हाताने काहीही करावयाचे नाही, हा आमच्याकडचा खरा उपचार होता. आईला शेगडीचा शेक, बाळंतशेपा, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सुंठ घातलेला कढत भात मिळाला, आणि त्यातले एकही पातेले तिने उचलले नाही. आमच्या भिवंडीत उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांच्या घरी बाळंतिणीसाठी चाळीस दिवस अछवानी आणि हरीरा ही पौष्टिक पेये करतात. सुश्रुत सूतिकाकाल दीड महिन्याचा सांगतो. ज्यांनी एकमेकांचे ग्रंथ उघडले नाहीत त्यांचा मुदतीविषयी असा मेळ बसावा, यात बायकांच्या शरीराचीच साक्ष आहे.

ती मुदत आज माझ्याच गावात मोडते आहे. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याच्या घरात, दहा बाय दहाच्या खोलीत, तिसऱ्या दिवशी स्टोव्ह पेटवणारी ओली बाळंतीण मी स्वतः पाहिली आहे. सासू गावी, आई त्याहून लांब. सरकारी रुग्णालयात साध्या बाळंतपणाला तीन दिवस, शस्त्रक्रियेला सात दिवस मोफत आहाराची तजवीज आहे, वार नियमाप्रमाणे पिवळ्या पिशवीत बांधून निघून जाते. पण चौथ्या दिवसापासून त्या बाईला घरी आयते ताट वाढणारे कोणी नाही. ती कॅप्सुला घेत नाही, कारण तिला त्या ठाऊक नाहीत. उणीव मात्र दोघींची एकच.

मनाच्या मळभाविषयी मी भाचीला बजावले आहे की पंधरा दिवसांनंतरही रडू आवरले नाही, तर लाडूवर विसंबू नकोस, डॉक्टरला गाठ.

बहीण पुढल्या महिन्यात तिकडे जाणार आहे. परवा आम्ही दोघी बाजारपेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात गेलो. म्हाताऱ्या दुकानदाराने यादी उजेडात धरून वाचली, अळिवाच्या पोत्यात माप खुपसले आणि मध्येच थांबून विचारले, "पहिलटकरीण का? मग सामान दहा दिवसांचं देऊ, की सव्वा महिन्याचं?"

"सव्वा महिन्याचं," बहीण म्हणाली.