धूर दीपनगरला, हिशेब राजस्थानात!



भुसावळ यार्डात रात्रपाळीला उभे राहिले की विदर्भाकडून आलेला कोळशाचा रेक दिसतो. अठ्ठावन्न वाघिणी आणि मागे गार्डाचा दिवा. असे रेक गेली तीस वर्षे मी पाहत आलो. अलीकडे मात्र सभा-परिसंवादांतून आम्हांला ऐकवले जाते की, कोळसा, लोखंड, कागद यांचे जग आता जुने झाले. संगणकाचे जग स्वच्छ आहे. त्यांच्या माहितीच्या कोठारांना त्यांनी नावही गोजिरे दिले आहे, 'क्लाउड', म्हणजे ढग. ढगाला चिमणी कुठली असणार?

हा ढग पाहायचा असेल तर ऐरोली, रबाळे, महापे येथे जा. बिनखिडक्यांच्या इमारतींत चोवीस तास तापणारी यंत्रे आणि त्यांना थंड ठेवणारी दुसरी यंत्रे. जगाची सरासरी पाहिली तर संगणकांना १०० युनिट वीज लागली की थंडावा व इतर व्यवस्थेला आणखी ५० च्या आसपास लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२४ साली अशा केंद्रांनी ४१,५०० कोटी युनिट वीज घेतली, म्हणजे आपला सबंध देश वर्षात वापरतो त्याच्या सुमारे पाव भाग. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीच्याही पुढे जाईल, असा त्यांचा अंदाज आहे. आपल्या देशात सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाची आहे. कोराडी, चंद्रपूर, दीपनगर येथे जळणारा तो कोळसा आपणच ओढून नेतो. तेव्हा ढगाची चिमणी कुठे आहे, हे लोको पायलटला विचारा.

धुराची ही बदली आम्ही रेल्वेवाले चांगली ओळखतो, कारण ती आपल्याच घरात झालेली आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली. आज ब्रॉडगेजचे ९९ टक्क्यांहून अधिक विद्युतीकरण झाले. टी.आर.डी.च्या माणसांनी उन्हातान्हात खांबांवर चढून तारा ओढल्या, त्यामुळे डिझेल वाचले, परकीय चलन वाचले. हे यश कामगारांचे आहे आणि ते कोणी नाकारू नये. पण धूर संपला असे आम्ही म्हणत नाही. तो इंजिनाच्या टपावरून उठला आणि बराचसा दीपनगरच्या चिमणीत जाऊन बसला. रेल्वेने २०३० चे 'नेट झिरो'चे लक्ष्य जाहीर केले आहे. ते खरे करायचे तर तारेतली वीजच बदलावी लागेल.

आता या बड्या कंपन्यांचे पाहा. २०२० साली मायक्रोसॉफ्टने घोषणा केली की, २०३० पर्यंत आम्ही सोडतो त्याहून अधिक कार्बन हवेतून काढून घेऊ. २०२४ च्या त्यांच्याच अहवालात कबुली आहे की, २०२० च्या तुलनेत उत्सर्जन २९ टक्क्यांनी वाढले. गुगलचे २०१९ ते २०२३ या काळात ४८ टक्क्यांनी वाढले. नव्या केंद्रांचे सिमेंट, पोलाद, चिपा आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भूक! घोषणा खाली उतरण्याची आणि गाडी चालली घाटमाथ्याकडे.

यावर तोड म्हणून प्रमाणपत्रे निघाली. राजस्थानात भर दुपारी सौर वीज तयार झाली, तिचे प्रमाणपत्र कंपनीने विकत घेतले आणि ऐरोलीत रात्री दोन वाजता वापरलेली कोळशाची वीज हिशेबात 'हरित' झाली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! उद्या सोलापूरच्या प्रवाशाने काढलेले तिकीट दाखवून भुसावळचा फुकट्या 'मी तिकीटधारक' म्हणू लागला तर आपला टी.सी. त्याला सोडील काय? काही कंपन्या सौर व पवन विजेचे थेट करार करतात, हे मान्य. पण सूर्य मावळल्यावर काय, याचे उत्तर त्या करारात बहुधा नसते. आणि तासातासाचा हिशेब ठेवता येत नाही, ही सबब चालणार नाही. गुगलनेच २०२० मध्ये जाहीर केले की, २०३० पर्यंत प्रत्येक तासाची वीज त्याच जाळ्यावरील कार्बनमुक्त विजेशी जुळवू. जे स्वतःला जमेल म्हणता, ते कायद्याने सर्वांना लावण्यात अडचण कसली?

अडचण एवढीच की, सरकारला अट घालायची नाही. महाराष्ट्राच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरला विद्युत शुल्कात सूट आहे. आमच्या घरच्या बिलात हे शुल्क दरमहा येते. आयर्लंडमध्ये २०२४ साली मीटरवरच्या एकूण विजेपैकी २२ टक्के वीज या केंद्रांनी घेतली. तिथला अनुभव समोर असताना आपण आधी सूट देतो आणि प्रश्न मागाहून विचारतो.

पोस्टातील बांधवांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोबाईल किंवा लॅपटॉपचा बहुतेक कार्बन तो बनवतानाच खर्ची पडतो, चालवताना थोडा. म्हणून चालू यंत्र दोन-चार वर्षे जास्त वापरणे हीच खरी बचत. उलट १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल थांबली, आणि नवी आवृत्ती न पेलणारे धडधाकट संगणक भंगाराच्या वाटेला लागले. प्रवाशाला मात्र सांगायचे की, तिकीट छापू नका, झाड वाचवा.

आम्ही संगणकाचे वैरी नाही. एकेकाळी आपल्या चळवळीने सरसकट विरोध केला, त्यात काही चुकलेही. माझा पुतण्या हिंजवडीत नोकरी करतो, त्याच्या पोटावर पाय देण्याचा प्रश्नच नाही. आमचे म्हणणे मीटरपुरते आहे, आणि 'हरित' या शब्दाआड खिडक्या व पदे कमी करण्याचा डाव आम्ही चालू देणार नाही.

सर्व शाखांनी पुढील सर्वसाधारण सभेत ठराव घ्यावा. प्रत्येक डेटा सेंटरने किती वीज घेतली, कोणत्या तासाला घेतली, किती पाणी व जनरेटरचे किती डिझेल वापरले, हे दर वर्षी जाहीर करावे. प्रमाणपत्रे वगळून होणारे उत्सर्जन वेगळे दाखवावे. आणि विद्युत शुल्कातील सूट त्या आकड्यांशी बांधावी. सरकारी खात्यांनी संगणक खरेदी करताना दुरुस्तीची व सुट्या भागांची हमी लेखी घ्यावी. ठरावाची एक प्रत राज्य सरकारच्या ऊर्जा विभागाला आणि एक महासंघाच्या कार्यालयाला पाठवावी.