कुंपणामागचा सिंह आणि बातमीतला सिंह

१/ १९९७ साली ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवरील ‘द कुक रिपोर्ट’ या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमात एक दृश्य दाखवले गेले. दक्षिण आफ्रिकेतील एका कुंपणाशी सिंहीण घुटमळते आहे. कुंपणापलीकडे तिचे छावे आहेत. पैसे मोजून आलेला शिकारी नेम धरतो आणि ती छाव्यांच्या डोळ्यांदेखत कोसळते.

२/ अशा शिकारीला ‘कॅन्ड हंटिंग’ म्हणतात. डबाबंद मासळीसारखे सावज आधीच बंदिस्त. ग्राहकाने केवळ झाकण उघडायचे. हे नाव समर्पक होते, म्हणून ते जगभर रूढ झाले. पण त्या नावाने वादाची चौकटही आखून दिली: प्रश्न शिकाऱ्याच्या क्रौर्याचा. प्रत्यक्षात सिंहपालन हा साखळीने चालणारा उद्योग आहे. छाव्याला बाटलीने दूध पाजण्याचे पर्यटक पैसे देतो, वयात येऊ लागलेल्या सिंहासोबत फेरफटका मारण्याचे निराळे, गोळी झाडण्याचे त्याहून कितीतरी अधिक. आणि मेल्यावर हाडेही विकली जातात. गोळी चित्रित करता येते. हिशेबाची वही कोण चित्रित करणार?

३/ सरकारने २००७ मध्ये नियम आणले. बंदिस्त पैदाशीचा सिंह शिकारीपूर्वी २४ महिने मोकळ्या क्षेत्रात स्वतःच्या बळावर जगलेला असावा, अशी अट त्यांत होती. पैदासकार न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये तेथील सर्वोच्च अपील न्यायालयात जिंकले. का जिंकले, हे पाहण्यासारखे आहे. पिंजऱ्यात वाढलेला सिंह पुन्हा रानात रुळू शकतो, याला पुरावा नव्हता. त्यामुळे त्या अटीला तर्काचा आधार उरला नाही. म्हणजे ‘आमचे सिंह हा वन्य सिंहांसाठी राखीव साठा आहे’ असे सांगणारा उद्योग, ते सिंह रानात जगू शकत नाहीत या मुद्द्यावर खटला जिंकला! संरक्षणाच्या दाव्यातील पोकळपणा इतका उघड क्वचितच झाला असेल. पण निकालपत्राला आयाळ नसते.

४/ मग आला जुलै २०१५. झिम्बाब्वेतील ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाचा सिंह सिसिल, ज्याच्या गळ्यात ऑक्सफर्डच्या संशोधकांचा पट्टा होता, एका अमेरिकी दंतवैद्याच्या बाणाला बळी पडला. सिसिल पूर्णतः वन्य होता. सिंहपालनाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. मात्र त्याच महिन्यात डर्बनच्या चित्रपट महोत्सवात ‘ब्लड लायन्स’ हा बंदिस्त पैदाशीवरील माहितीपट प्रथम दाखवला गेला आणि बातम्यांच्या लाटेत दोन्ही विषय एकमेकांत मिसळून गेले. अमेरिकेत दूरचित्रवाणीचा लोकप्रिय सूत्रसंचालक सिसिलबद्दल बोलताना गहिवरला. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेने बंदिस्त सिंहांच्या शिकारचिन्हांची आयात थांबवली. रानातल्या एका सिंहाच्या मृत्यूने पिंजऱ्यातल्या सिंहांच्या बाजाराला धक्का दिला.

५/ यात वाईट काय, असे कोणी विचारील. अमेरिकी हे या धंद्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते. ते दार मिटल्यावर अनेक पैदासकारांचा कल हाडांकडे वळला. २००८ च्या सुमारापासून सिंहांचे सांगाडे आग्नेय आशियात जातच होते. तेथे ते वाघाच्या हाडांच्या जागी खपतात. २०१६ मध्येच जोहान्सबर्ग येथे साइट्स करारातील देशांची परिषद भरली. तिने वन्य सिंहांच्या हाडांचा व्यापार बंद केला. दक्षिण आफ्रिकेतील बंदिस्त सिंहांना मात्र वार्षिक कोट्यासह मुभा ठेवली. २०१७ चा कोटा होता ८०० सांगाड्यांचा. २०१८ मध्ये तो १५०० वर नेला गेला. मग गदारोळ झाला आणि पुन्हा ८०० वर आणला गेला. सिसिलच्या नावाने हळहळलेल्यांपैकी किती जणांना हा आकडा ठाऊक आहे?

६/ या चित्रात आणखी एक जण दिसत नाही: पिंजरा धुणारा, मांस कापणारा, फ्री स्टेट वा नॉर्थ वेस्ट प्रांतातला मजूर. पैदासकारांचा संरक्षणाचा दावा तकलादू असला, तरी रोजगाराचा दावा निखालस खोटा नाही. परदेशी कॅमेऱ्यांनी केवळ खलनायक आणि बळी एवढेच टिपले. त्यामुळे ‘बाहेरचे लोक येऊन आम्हांला शहाणपण शिकवतात’ असे म्हणण्याची सोय धंदेवाल्यांना आयती मिळाली.

७/ २०१९ मध्ये नॉर्थ वेस्टमधील एका पैदासकेंद्रातील शंभराहून अधिक सिंहांच्या दुरवस्थेची छायाचित्रे जगभर फिरली. खरजेने कातडी उघडी पडलेले ते सिंह पाहवत नव्हते. त्यानंतर ऑगस्टमध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती कोल्लापेन यांनी २०१७ आणि २०१८ चे दोन्ही कोटे बेकायदा ठरवले, कारण ते ठरवताना पिंजऱ्यातील सिंहांच्या हालांचा विचारच झाला नव्हता. हा खटला प्राणिकल्याण संस्थेने ती छायाचित्रे झळकण्यापूर्वीच गुदरला होता. छायाचित्रांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण शपथपत्रांचे श्रेय त्यांना देऊ नये.

८/ २ मे २०२१ रोजी मंत्री बार्बरा क्रीसी यांनी उच्चस्तरीय समितीचा अहवाल जाहीर केला आणि सिंहांची बंदिस्त पैदास थांबवण्याची शिफारस स्वीकारली. अनेक मथळ्यांत एकच शब्द होता: ‘बंदी’. कायदा मात्र त्या दिवशी झालेला नव्हता. स्वेच्छेने बाहेर पडण्याचे मार्ग पैदासकारांना सुचवणारे धोरण मंत्रिमंडळापुढे यायला २०२४ उजाडले.

९/ देशातील तीनशेहून अधिक केंद्रांत तेव्हा सुमारे ८००० सिंह होते. रानातल्या सिंहांच्या दुपटीहून अधिक. त्यांना मोकळे सोडता येत नाही, हे २०१० पासून न्यायालयाच्या दप्तरी आहे. मग त्यांचे निर्बीजीकरण करायचे, की त्यांना वेदनारहित मरण द्यायचे? आणि एकेक सिंह वृद्ध होऊन मरेपर्यंत त्यांच्या मांसाचा खर्च कोणी सोसायचा? या बातमीत कोणी दंतवैद्य नाही, त्यामुळे तिचे वार्ताहरही थोडे आहेत.