चार की नऊ?

टिटवाळ्यातले आमचे बिऱ्हाड म्हणजे महागणपतीच्या दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांची हक्काची ओसरी! यंदा पुतणी आली ती प्रश्न घेऊनच. "काकू, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस मी २०१४ साली पुरी घेतली, ती एचपीव्ही विषाणूच्या चार प्रकारांवरची. आता नऊ प्रकारांवरची आली आहे. पुन्हा टोचून घेऊ का?"

प्रश्न रास्त आहे. पण नवी साडी आली म्हणून जुनी बोहारणीला घालावी, तसे लशीचे नसते. या कर्करोगाच्या दहांतील निदान सात रोग्यांत मूळ असते ते १६ व १८ या प्रकारांत, आणि ते दोन्ही लशींत आहेत. पुण्याच्या सीरम संस्थेची २०२३ मधील देशी लसही चारांवरचीच. नवी लस आणखी पाच प्रकार अडवते हे खरे; परंतु जिचे डोस पुरे झाले, तिने ती सरसकट पुन्हा घ्यावी, अशी शिफारस अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनेही केलेली नाही. हौस व ऐपत असेल, तर डॉक्टरांना विचारून घ्यावी.

मात्र चार घ्या की नऊ, तपासणी चुकत नाही. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटाला एकदाच एचपीव्हीची तपासणी देऊ केली, त्यात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. आणि त्या स्त्रियांना लस ठाऊकही नव्हती!

तेव्हा भगिनींनो, मुलींच्या लशींचा हिशेब जरूर मांडा. पण तिशी ओलांडलेल्या आपण स्वतः कधी तपासून घेतले, तेही एकदा आठवून पाहा.