तक्त्यावरचे उद्दिष्ट आणि रस्त्यावरचे काम

ज्या कार्यालयात जावे तेथे भिंतीवर एक तक्ता आढळतो. एका रकान्यात उद्दिष्ट, दुसऱ्यात साध्य, शेवटी टक्केवारी. खासगी कंपन्यांनी ही पद्धत आणली, असा अलीकडे समज आहे. शासकीय सेवेत हयात घालविलेल्या आम्हां मंडळींची मात्र या तक्त्याशी जुनी ओळख आहे. त्याविषयी दोन मते प्रचलित आहेत. तक्ता भरला की काम झाले, हे प्रशासकांचे; आकड्यांत माणूस हरवतो, हे आम्हां साहित्यप्रेमींचे. दोन्ही मते आम्हांस अमान्य आहेत.

कतारगामच्या रहिवाशांना याचे कारण दूर शोधावे लागत नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग उद्भवला तेव्हा आपल्याच परिसरातील वेड रोडचे नाव देशभर गाजले. लाखो माणसे शहर सोडून गेली. कागद, नोंदवह्या आणि अहवाल तेव्हाही होतेच. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले आणि त्यांनी मोजण्याची जागाच बदलली. शहराचे सहा विभाग करून प्रत्येक विभागप्रमुखास आयुक्ताचे बरेचसे अधिकार दिले. अधिकाऱ्यांनी सकाळी प्रत्यक्ष रस्त्यावर, वस्तीत, गटाराशी जायचे आणि नंतर एकत्र बसून त्या दिवसाचा आढावा घ्यायचा, असा शिरस्ता घातला. वातानुकूलित खोलीतून नित्याच्या कामाकडे, या अर्थाने त्यास ‘एसी टू डीसी’ असे नावही पडले. रोगांच्या नोंदी नियमित येऊ लागल्या. मुख्य रस्त्यांची सफाई रात्री होऊ लागली. अल्पावधीतच ‘इन्टॅक’ने चंदीगडखालोखाल स्वच्छ शहर म्हणून सुरतेचा निर्वाळा दिला. पुढे २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरसह पहिली आली.

हे आकड्यांशिवाय घडले काय? मुळीच नाही. परंतु तो आकडा रोजचा होता, जागेवर पाहिलेला होता आणि ज्याने पाहिला त्याच्याच हाती उपाय करण्याचा अधिकार होता. आज कचरा उचलला गेला नाही, तर उद्या सकाळी काय करायचे हे त्यावरून ठरत असे.

याउलट उदाहरण आणीबाणीचे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. तक्ता ओसंडून वाहिला. पण माणसांवर जबरदस्ती झाली आणि कुटुंबनियोजन हा शब्दच बदनाम झाला. उद्दिष्टांचा हा सोस इतका चिवट, की कुटुंबनियोजनातील अशी उद्दिष्टे देशभर रद्द व्हायला १९९६ चा एप्रिल उजाडावा लागला.

तिसरे उदाहरण कतारगामच्या हिरे कारखान्यांचे. घंटीवर बसून पैलू पाडणाऱ्या कारागिराची मोजणी रोज आणि चोख होते, कारण मजुरीच नगावर ठरते. परंतु परदेशातील मागणी घटली की नग कमी येतात आणि त्याचा आकडा घसरतो. त्याचे कसब तेच, डोळे तेच, श्रम तेच. या घसरणीची जबाबदारी त्याच्यावर कशी? जे हातात नाही त्याचा हिशेब एखाद्याच्या नावे मांडणे यास आम्ही मूल्यमापन म्हणणार नाही. ते नुकसान दुसऱ्याच्या माथी मारणे होय.

महाराष्ट्रात जानेवारी २०२५ मध्ये शासकीय कार्यालयांसाठी १०० दिवसांचा सात कलमी कार्यक्रम सुरू झाला. स्वच्छता, तक्रारनिवारण, क्षेत्रीय भेटी ही त्यातील कलमे होती; मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडे होते आणि १ मे रोजी निकाल जाहीर झाले. उपक्रम स्वागतार्हच, पण खरी परीक्षा एकशे एकाव्या दिवसाची. क्रमांक जाहीर झाल्यावर त्याच टेबलावरच्या तक्रारी तितक्याच दिवसांत निकाली निघतात काय, हे वर्षानुवर्षे कोण पाहणार?

म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की कोणतेही उद्दिष्ट देताना वरिष्ठांनी तीन प्रश्नांची लेखी उत्तरे द्यावीत. आकडा जागेवर जाऊन कोण तपासणार? तो चुकला तर कोणते साधन व अधिकार मिळणार? आणि तो पुरा करताना कोणावर अन्याय होत नाही ना, हे कोण पाहणार? ही उत्तरे नसतील, तर कनिष्ठांच्या गोपनीय अहवालात त्या टक्केवारीचा उल्लेख करण्याचा अधिकार वरिष्ठांना असता कामा नये.